सहावी चूक

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो ताईला सांगत होता. पण राहून जायला ते काही विजेचं बिल नव्हतं. सतरा दिवस ते पत्र शब्दकोशात ‘च’च्या पानाशी पडून होतं, आणि सतरा दिवसांत त्याने ते इतक्या वेळा बाहेर काढून परत ठेवलं होतं, की तो जाडजूड शब्दकोश आता कुठेही उघडला तरी ‘च’वरच उघडायचा.

पत्र जेमतेम आठ ओळींचं. पावतीच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईने लिहिलेलं. त्यातलं एकच अक्षर त्याला कळत नव्हतं. वाचता येत होतं... कळत नव्हतं. अक्षरांवरच ज्याचं पोट, त्याची एका अक्षरापायी अशी दैना व्हावी, याचं त्याला स्वतःलाच हसू येई. मग लगेच रडू येई. मग पुन्हा पत्र बाहेर निघे.

तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापायच्या आधी पानं वाचून चुका काढायच्या, हे काम. तिथे त्याला सगळे ‘ऱ्हस्व’ म्हणत. एक तर उंची बेताची, आणि दुसरं म्हणजे कोणी दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व दिली, तर याच्या पोटात दुखायचं. वय छत्तीस. लग्न राहून गेलेलं. तेसुद्धा विजेच्या बिलासारखं नव्हे, या पत्रासारखं.

तर झालं होतं असं.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी दुपारी ऱ्हस्व आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, छातीशी धरून एका अरुंद जिन्याने वर चढत होता. बाहेर बारीक पाऊस होता, भिजवणारा नाही, नुसता चष्म्यावर बसणारा. त्याला पायरी दिसत नव्हती. आणि वरून आवाज आला—

“सावकाश! डोकं धरा त्याचं!”

“क-कोणाचं?”

“बाळाचं.”

“बाळ नाहीये हो. कॉम्प्युटर आहे.”

“अगंबाई! किती वर्षांचा?”

“नऊ.”

“नऊ वर्षांचा आणि अजून कडेवर?”

चष्म्याच्या थेंबांतून त्याला आधी एक हसू दिसलं, मग हसणारी. उंच होती, त्याच्याहून चांगली चार बोटं. तिने दुसऱ्या बाजूने चादरीला हात घातला आणि दोघांनी मिळून ते नऊ वर्षांचं बाळ वर नेलं. जिना इतका अरुंद, की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडावा. ऱ्हस्वाने वरपर्यंत श्वास घेतलाच नाही.

वर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे काउंटरवर तिची मावशी — दुकानाची मालकीण, हातात विणकाम, मान खाली आणि कान वर. मागे लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा आणि स्क्रूंनी भरलेल्या सात-आठ बशा. त्या टेबलामागे हिचं राज्य.

तिने बाजूचा पत्रा उघडला आणि आत बघतच राहिली.

“याला आतून गोधडी घातलीय का?”

“धूळ असेल.”

“धूळ कशी म्हणायची हिला? आणि हे काय... लाकडाचा भुसा?”

“पेन्सिलीचा,” तो पुटपुटला. “मी तिथेच बसून टोक करतो.”

काउंटरवरच्या सुया क्षणभर थांबल्या आणि परत चालू झाल्या. तिने छोटा ब्रश घेतला आणि इतक्या हलक्या हाताने पंख्याची पाती पुसायला लागली, की ऱ्हस्वाला उगाचच आपल्या कानामागे गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

“बोला. काय त्रास आहे याला?”

“अक्षरं दिसत नाहीत.”

“याला, की तुम्हाला?”

मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो एकच गेम खेळायचा. त्यात एक जुना किल्ला होता, किल्ल्यात राक्षस होते, खजिना होता, आणि तळघरात एक ग्रंथालय होतं. त्या ग्रंथालयातली पुस्तकं खरोखर उघडून वाचता यायची. ऱ्हस्वाने ती सगळी वाचली होती, सव्वादोनशे. आता त्या गेमचा दुसरा भाग आला होता, त्यात याच्या तिप्पट पुस्तकं होती म्हणे. पण त्याच्या मशीनवर ती नुसती राखाडी विटांसारखी दिसत, आणि उघडली तर पानावर अक्षरांच्या जागी धुकं.

“म्हणजे तुम्ही लढत नाही?”

“नाही.”

“मग राक्षस आला की?”

“दार लावून घेतो.”

ती हसली नाही. हसू तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं, पण तिने ते तिथेच धरलं आणि गंभीरपणे म्हणाली, “बरोबर आहे. वाचताना कोणी मध्ये आलेलं मलाही नाही खपत.”

इथेच काहीतरी झालं. काय झालं ते ऱ्हस्वाला त्या दिवशी कळलं नाही. त्याला कुठलीच गोष्ट त्या दिवशी कळत नसे.

“हे बघा,” तिने आतली एक लांबट पट्टी बोटाने दाखवली. “हे ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढायचं काम याचं. याची मेमरी कमी पडतेय, म्हणून ते हात राखून चित्र काढतं. नवं घालायला पाहिजे. पण नवं म्हणजे कुठलंही नाही चालत. लांबी बघायची, वीज किती मागतं ते बघायचं, आणि तुमचा प्रोसेसर जुना. तो दमत दमत काम पुढे देणार आणि भारी कार्ड नुसतं हाताची घडी घालून बसणार. मेमरी सहापर्यंत चालेल, चार असली तरी... ऐकताय ना?”

“ऐकतोय. पण मला... बोललेलं समजत नाही. लिहून द्याल?”

तिने पावतीपुस्तक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला भराभरा लिहिलं आणि कागद पुढे केला. ऱ्हस्वाने तो वाचला. वाचता वाचता खिशातून पेन्सिल निघाली, ‘लांबि’ची वेलांटी दीर्घ झाली, ‘विज’ची झाली, ‘जुळुन’चा उकार पलटला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत.

“माफ करा... सवय...”

ती कागदाकडे पाहत होती. गाल लाल. राग की काय, ते त्याला कळेना.

“शाळा सोडल्यापासून कोणी माझी वही तपासली नव्हती,” ती म्हणाली. “किती मार्क?”

“अं... दहापैकी सात?”

“बरे आहेत. मावशी, ऐकलंस? सात!”

“मग पेढे वाटू का?” मावशी मान वर न करता म्हणाली.

त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी ऱ्हस्व तो जिना चढू लागला. दर शनिवारी त्याच्यासाठी एक नवं कार्ड बघितलेलं असे, त्याची माहिती पावतीच्या पाठीवर लिहिलेली असे, आणि दर शनिवारी त्याच्यात काहीतरी खोट निघे. पहिलं देखणं होतं, तीन पंख्यांचं, पण तीन बोटं लांब. आत घालायचं तर डबा कापावा लागला असता. दुसरं मापात बसलं, पण त्याला वीज इतकी लागे की जुना पॉवर सप्लाय पहिल्याच दिवशी मान टाकता. तिसरं सगळ्या बाजूंनी ठीक दिसत होतं, पण तिने ते नाकाशी धरून हुंगलं आणि बाजूला ठेवलं.

“याला रात्रंदिवस राबवलंय कुणीतरी. जळका वास येतोय. चिडचिडं निघेल.”

“कार्ड चिडचिडं असतं?”

“अहो शुद्धलेखन, माझ्या हाताखालून किती गेलीत! काही मुळातच तापट असतात. काहींचा नुसता आवाज मोठा. काही बिचारी चांगली, पण चुकीच्या घरी पडतात.” मग स्क्रू घट्ट करता करता, जसं काही त्या स्क्रूबद्दलच बोलत असावी तसं, ती म्हणाली, “मी पण दोन वर्षं होते एका घरी. नाही जमलं. आले परत.”

काय बोलावं? ऱ्हस्वाने सात वाक्यं मनात जुळवली आणि सातही खोडली. शेवटी म्हणाला, “वॉरंटी होती?”

बोलला मात्र, आणि जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं असं त्याला झालं. पण ती मान मागे टाकून हसत सुटली. इतकी, की बशीतले स्क्रू हलले.

“होती हो. मावशीची. आजन्म.”

तो दर वेळी म्हणे, “विचार करून सांगतो.” ती दर वेळी म्हणे, “घाई नाही.” आणि घाई खरंच कोणालाच नव्हती. त्याला कार्ड ठरायला नको होतं, कारण ठरलं की जिना संपला. तिला काय हवं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायला बोलावं लागतं.

एका शनिवारी छापखान्यातलं त्याचं टोपणनाव तिला कळलं, आणि मग काय विचारता!

“ऱ्हस्व! आणि मी एवढी उंच. म्हणजे मी दीर्घ.”

“तसं म्हणता येईल.”

“मग तुमच्या व्याकरणात ऱ्हस्व आणि दीर्घ शेजारी-शेजारी आले, तर काय होतं?”

प्रश्न व्याकरणाचा होता, म्हणून तो न अडखळता बोलला. “संधी.”

“काय?”

“संधी होते. म्हणजे... दोघं मिळून एक होतात.” तेवढ्यात आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. “म्हणजे स्वर. स्वर एक होतात. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई मिळाले की दीर्घच उरतो.”

“हां!” तिने हातातला स्क्रूड्रायव्हर त्याच्यावर रोखला. “म्हणजे शेवटी चालणार माझंच!”

बाहेर पुन्हा तो बारीक पाऊस सुरू झाला होता. खिडकीच्या काचेवर थेंब नुसते चिकटून होते, खाली ओघळायचं की नाही याचा विचार करत असल्यासारखे. ऱ्हस्वाला त्यांची मनःस्थिती अगदी समजत होती.

आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ती त्याला जिन्यातच भेटली. हातात घडी केलेला कागद.

“मी सोमवारी चाललेय.”

“कुठे?”

“माझ्या बहिणीच्या गावी. ती नवं दुकान घालतेय, मांडून द्यायचंय.”

“मग परत...?”

“बघू.” तिने कागद त्याच्या हातात ठेवला. “तुमच्या कार्डाचं लिहिलंय. घरी जाऊन वाचा. खाली तिथला पत्ता आहे. उत्तर लिहूनच पाठवा, फोन नको. तुम्ही बोलायला लागलात की वाक्य कर्त्यापाशीच बसतं. क्रियापद येईपर्यंत माणूस म्हातारं व्हायचं.”

तो हसला. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी झालं त्याच्या चेहऱ्याचं.

“आणि अहो शुद्धलेखन—” दोन पायऱ्या वर जाऊन ती वळली. “हे तपासायचं नाही हं. वाचायचं.”

घरी येऊन त्याने कागद उलगडला.

‘तुमच्यासाठि एक बघून ठेवलं आहे. नविन नाही. दोन वर्ष एका घरी होतं, तिथे जमलं नाही, म्हणुन परत आलं. फार जोरात पळत नाही, पण उगाच आवाजही करत नाही. जास्त जागा मागत नाही. लवकर तापतं, पण लवकर नीवतं. जुन्या माणसांशी... जुन्या मशीनशी जुळवून घेईल असं वाटतं. तुम्हाला चालेन का?’

आणि त्याने तपासलं. हातात पेन्सिल होती, काय करणार! ‘साठि’ — वेलांटी. ‘नविन’ — वेलांटी. ‘वर्ष’वर अनुस्वार. ‘म्हणुन’ — उकार. ‘नीवतं’ — वेलांटी ऱ्हस्व. आणि शेवटी ‘चालेन’ला गोल करून, ‘न’ खोडून ‘ल’. सहा चुका. बरं कार्ड दिसतंय, असं मनाशी म्हणून तो जेवायला बसला.

सोमवारी छापखान्यात तो शेतीवरच्या एका पुस्तकाची पानं बघत होता. ‘हे बियाणे हलक्या जमिनीत चालेल.’ पुढचं वाक्य. त्याच्या पुढचं. आणि मग पेन्सिल हवेतच थांबली.

‘चालेन’ हा शब्द चुकीचा नव्हताच.

कार्ड चालेल. मी चालेन. एका अक्षराचा फरक. ल म्हणजे ते... न म्हणजे मी.

तुम्हाला चालेन का?

शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, “ऱ्हस्व, बरं नाही का? पांढरा पडलास.” तेव्हा घड्याळात सव्वाअकरा झाले होते, आणि तिची गाडी अकराची होती.

तिथून त्याचे सतरा दिवस सुरू झाले.

समजा, तिला ‘ल’च म्हणायचं होतं, घाईत ‘न’ पडला. अशा वेळी आपण ‘तुम्ही मला चालाल’ म्हणून लिहायचं? ती ते बहिणीला दाखवणार. दोघी हसणार. कार्ड विकायला गेले तर गिऱ्हाईकच गळ्यात पडलं! आणि समजा, तिला ‘न’च म्हणायचं होतं. मग ‘होय, मेमरी पुरेशी असल्यास चालेल’ असं उत्तर जाणार... या नुसत्या कल्पनेने तो शब्दकोश फाडकन मिटून टाके. बाकी सगळं पत्र ‘ते’ होतं. पळत नाही ते, तापतं ते. शेवटच्याच शब्दात ‘मी’ कुठून आला? आणि मधली ती ‘जुन्या माणसांशी’, तीन टिंबं, मग ‘मशीनशी’? ती चूक होती, की सुधारणा?

ताई त्याची मोठी बहीण. दोघं एकाच घरात राहत. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. अकराव्या दिवशी तिने त्याच्या हातून पत्र ओढून घेतलं.

“यात काय अडलंय एवढं?”

त्याने सांगितलं.

“माझ्याकडे रोज शंभर चिठ्ठ्या येतात. एकीतही न कुठला आणि ल कुठला ते कळत नाही. तरी माणसं बरी होतात.”

“चुकीचं औषध गेलं तर?”

“शंका आली की मी डॉक्टरला फोन करते.”

“फोन...” तो म्हणाला आणि वाक्य तिथेच बसलं.

ताईने पत्र खिडकीजवळ उजेडात धरलं. “आणि हा ल कोणी केला? तू?”

“हो.”

“तिने ‘न’ लिहिला, तू ‘ल’ केलास, आणि आता तूच विचारतोयस की तिच्या मनात काय होतं?” पत्र त्याच्यापुढे टाकून ती उठली. “धन्य आहे बाबा तुझी!”

सोळाव्या दिवशी धीर करून तो दुकानात गेला. टेबलावरचा दिवा बंद होता. बशा एकात एक घालून ठेवल्या होत्या.

“ते कार्ड...” तो मावशीला म्हणाला.

“ते ती बरोबर घेऊन गेली,” मावशी म्हणाली. “दुसऱ्याला द्यायचं नाही म्हणाली. ठरल्याशिवाय.”

म्हणजे कार्ड खरंच आहे! म्हणजे ल? की कार्ड बरोबर नेलं, म्हणजे न? ऱ्हस्वाच्या डोक्यात ते धुकं परत भरून आलं, त्या गेममधल्या पानांवर होतं तसं.

“परत कधी येणार त्या?”

मावशीने एक टाका उसवला आणि परत घातला. “त्याचंच तर कळेना. बहीण म्हणते, भागीदारीत घे, तिकडेच राहा. या शनिवारी कागदावर सह्या आहेत. ही ना हो म्हणते ना नाही. म्हणते, एक पत्र यायचंय, ते आलं की सांगते.”

“कसलं पत्र?”

मावशीने तीन महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली असावी. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून.

“बँकेचं असेल,” ती म्हणाली.

“हो. बँकेचं असेल,” तो म्हणाला, एक माउस पॅड विकत घेतलं, आणि जिना उतरला. शेवटच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला माउस पॅड नको होतं. आणि रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं, की मावशी हसत होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार. पत्र तिथे पोचायला दोन दिवस लागतात. आज गेलं तर शुक्रवारी मिळेल, उद्या गेलं तर सह्या झाल्यावर. ऱ्हस्वाने दुपारनंतर रजा घेतली, घरी आला, आणि बारा आठवड्यांचे तिचे सगळे कागद टेबलावर मांडले.

एकही फेकला नव्हता. एकूण चौदा.

हे काम त्याला येत होतं. एखादं हस्तलिखित बुचकळ्यात टाकायला लागलं, की आधी लेखकाची खोड ओळखायची. कोण अनुस्वार विसरतो, कोण शब्द दोनदा लिहितो. माणूस चुकतो तेसुद्धा आपल्या पद्धतीनेच. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि एकेक कागद वाचत गेला. ‘पंखा चालेल.’ ‘चार मेमरी चालेल पण सहा बरि.’ ‘हे चालणार नाही.’ ‘जुना पॉवर सप्लाय एवढ्यावर चालेल.’ वेलांट्या ठायी ठायी पडलेल्या, उकार उलटेपालटे, अनुस्वार तर आळीपाळीने रजेवर. पण व्यंजन? चौदा कागदांत एकही व्यंजन चुकलेलं नव्हतं. ‘चालेल’ एकोणीस वेळा आलं होतं. एकोणीसही वेळा ल. गोल, नीट, दोन्ही पोटं भरलेला ल.

आणि या पत्रात ‘न’.

त्याने भिंग घेतलं. पेन्सिलीच्या ‘ल’खाली निळा ‘न’ स्पष्ट होता. घाईचा नव्हता. उलट, तिथे शाई जास्त उतरली होती. लिहिणारी त्या अक्षरावर जरा थांबली होती...

ऱ्हस्वाने खोडरबर घेतलं आणि आपला ल पुसला. अगदी हलक्या हाताने, निळ्याला धक्का न लावता. मग कोरा कागद ओढला.

पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात तीन ‘कदाचित’ होते आणि एक ‘गैरसमज नसावा’. फाडला. दुसऱ्यात मेमरीबद्दल विचारणा होती. फाडला. तिसऱ्यात नुसतंच ‘होय’ होतं, पण कशाला होय ते कळत नव्हतं. चार वाजून गेले. कोपऱ्यावरची टपालपेटी पाचला उघडतात. ताई कामावरून आली, टेबलाखालच्या कागदाच्या बोळ्यांकडे पाहिलं, चहा ठेवून गेली. तो निवला.

साडेचारला त्याने लिहिलं—

‘तुमचं पत्र मी तपासलं. तपासू नका म्हणाला होतात, तरीही. तुमच्या पाच चुका आहेत, त्या सगळ्या मला फार आवडतात. सहावी माझी होती, ती पुसली. उत्तर द्यायला सतरा दिवस लागले, कारण बरोबर लिहिलेला शब्द मला चुकीचा वाटला.

कार्डाचं म्हणाल तर कुठलंही घाला. तुमचं म्हणाल तर हो. पहिल्या दिवसापासून, जिन्यापासून हो.

आता माझं. मी बुटका आहे, जुना आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि राक्षस आला की दार लावून घेतो. पण आत जागा आहे.’

आणि शेवटी, एका दमात, तिचाच प्रश्न त्याने तिला विचारला. पत्र परत वाचलं नाही. वाचलं असतं तर गेलंच नसतं, एवढं तो स्वतःला ओळखून होता. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, चपलेत पाय सरकवले आणि निघाला. चपला दोन वेगवेगळ्या होत्या.

टपालपेटीशी पोचला तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती. मागे एक बाई हातात दोन-तीन पाकिटं घेऊन उभ्या राहिल्या. ऱ्हस्वाने पाकीट फटीत घातलं, पण कोपरा बोटांत धरूनच ठेवला.

कारण तेवढ्यात त्याच्या मनात आलं...

शेवटी आपण काय लिहिलं? ‘मी चालेन का’, की ‘मी चालेल का’?

हात घाईत होता. अख्खी दुपार एकोणीस ‘चालेल’ मोजण्यात गेली होती, बोटांना तोच ल बसला असेल. आठवेना. डोळे मिटून ओळ आठवून पाहिली, तर कधी ‘न’ दिसायचा, कधी ‘ल’. पाकीट ओढून घ्यावं, घरी जावं, वाफ धरून उघडावं, एक अक्षर बघावं, फक्त एक... आणि उद्या टाकावं. उद्या. म्हणजे सह्या झाल्यावर.

आणि ल पडला असेल तर? तर तिला एक चूक सापडेल. ती पेन शोधेल, त्या अक्षराला गोल करेल, आणि मान मागे टाकून...

“अहो,” मागून बाई म्हणाल्या, “तुम्ही टाकताय की काढताय?”

“टाकतोय,” ऱ्हस्व म्हणाला, आणि बोटं सोडली.